ऐरोलीची फ्लेमिंगो बोट: सुट्टी बघून नको, भरती बघून जा

आधीच सांगते, मी या बोटीवर दोनदा गेलेय. पहिल्या वेळेनंतर लिहिलं असतं तर पाचपैकी दोन दिले असते, आता साडेचार देतेय. बोट तीच, खाडी तीच, पक्षीही बहुतेक तेच असणार. मधे फरक पडला तो माझ्या आत्याचा आणि तिच्या भिंतीवरच्या कालनिर्णयचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे म्हणजे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्या मधली जी खाडी आपण रोज ट्रेनमधून किंवा कॅबमधून नाक दाबून ओलांडतो ना, तीच. ऑगस्ट २०१५ मध्ये अभयारण्य झालं, साधारण १६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, आणि बाकीचं पाणी-चिखल. मालवणनंतर राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य, आणि २०२२ मध्ये रामसर यादीतही गेलं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. बोट सुटते ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून, जे वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं आहे. ऐरोली स्टेशनवर उतरलात की रिक्षा, विशेष लांब नाही. बुकिंग ऑनलाइन होतं आणि बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात. हे शेवटचं वाक्य मी पहिल्या वेळी वाचलं होतं पण त्याचा अर्थ मला "वेळ चेक करून जा" एवढाच कळला होता. तिथेच घोळ झाला.

तर पहिली फेरी. डिसेंबरचा सुरुवातीचा शनिवार, संध्याकाळी चारची बोट, कारण शनिवारी दुपारी नवऱ्याला सुट्टी आणि पोराची शाळा नाही, एवढाच आमचा अभ्यास. बोटीत बसलो, लाइफ जॅकेट घातले, निघालो, आणि दोन्ही बाजूला नुसतं पाणी. भरपूर पाणी. काठोकाठ, कांदळवनाच्या अर्ध्या झाडापर्यंत. छान वाटत होतं, वारा होता, पण फ्लेमिंगो कुठे? लांब पश्चिमेकडे काहीतरी ठिपक्यांसारखं होतं आणि ते नेमकं उन्हाच्या खाली, म्हणजे डोळे बारीक करून बघितलं तरी काळे ठिपके. गुलाबी सोडा, पांढरेपण दिसत नव्हते. पोरगा दहा मिनिटांत बोअर झाला, नवरा मोबाइलवर झूम करून करून फोटो काढत होता जे घरी येऊन बघितले तर गढूळ पाण्याच्या जाहिरातीसारखे दिसत होते. गाइडने बिचाऱ्याने सांगितलं की भरती पूर्ण भरलीय, पक्षी आता इथे थांबत नाहीत, पण आम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पैसे फुकट गेले म्हणत घरी आलो.

त्यानंतर कधीतरी आत्याकडे गेले होते. आत्या रेवदंड्याची, म्हणजे लहानपण सगळं समुद्रावर गेलेलं, आता पंचाहत्तरीला आलीय आणि घाटकोपरला चौथ्या मजल्यावर राहते. तिला मी ही रडकथा सांगितली. तिने विचारलं, "तिथी काय होती?" मी म्हटलं, "आत्या, शनिवार होता." ती म्हणाली, "शनिवार तुमच्या ऑफिसला असतो गं, खाडीला तिथी असते." आणि उठून कालनिर्णयची मागची पानं चाळायला लागली. डिसेंबर, तो शनिवार, पंचमी. "पाच पाऊणे पावणेचार. खाडी आत आहे, अर्धा-पाऊण तास पुढे धर, म्हणजे सव्वाचार-साडेचार. आणि तुम्ही चारला बोटीत बसलात? मग पाणीच दिसणार, दुसरं काय दिसणार!"

हा हिशेब ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी, कारण मलाही येत नव्हता: तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या सुमाराला भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास भरती आणि मधे दुपारी बाराला ओहोटी. रोज भरती पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते म्हणून हे जमतं. आमच्या मुंबईच्या बाजूच्या किनाऱ्याला हे बऱ्यापैकी लागू पडतं, मिनिटाला मिनिट नाही, पण बोट बुक करायला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. हे सगळं मोबाइलवर भरतीच्या तक्त्यातही मिळतं, माहितीय मला, पण आत्याने तोंडी काढलं तेवढ्या वेळात माझं वायफाय कनेक्ट झालं नव्हतं.

आता यातली खरी गंमत अशी आहे की बोटीला पाणी लागतं आणि फ्लेमिंगोला चिखल लागतो. पाणी नसलं तर बोट चालत नाही आणि पाणी भरलं तर पक्षी उभा राहून खाऊ शकत नाही, मग तो उठून नेरुळ-सीवूड्सकडच्या तलावांवर जाऊन बसतो आणि पाणी उतरायची वाट बघतो. म्हणजे तुमची आणि त्याची वेळ जुळते ती मधल्या पट्ट्यात, पाणी चढत असताना किंवा उतरत असताना. पूर्ण भरतीच्या टोकाची फेरी मिळाली तर ती खाडीची सैर म्हणून चांगली आहे, पक्षी बघायला नाही. बुकिंग करताना त्या दिवशीच्या दोन-तीन वेळा दिसत असतील तर भरतीच्या टोकाची सोडून तिच्या आधीची किंवा नंतरची घ्या. आत्याचं मत, चढत्या पाण्याची घ्या. का ते पुढे येतंच.

दुसरी फेरी मार्चमध्ये, पौर्णिमेला दोन दिवस होते, त्रयोदशी. तेरा पाऊणे पावणेदहा, खाडीत साडेदहा धरा. आम्ही आठची बोट घेतली. वार गुरुवार होता, मी रजा टाकली, पोराची शाळा बुडवली (शाळेत ताप सांगितला, हे कृपया कोणी वाचू नका) आणि आत्याला घेऊन गेलो. आठवड्याच्या मधल्या दिवशी तिकीटही सुट्टीपेक्षा कमी पडतं, हा बोनस.

जेट्टीवर थोडं थांबावं लागलं आणि तो वेळ मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा मस्त गेला. खाली चिखलात काहीतरी टुणकन उडालं. पोरगा ओरडला, "बेडूक!" आत्या म्हणाली, "निवटी आहे ती." मासाच, पण पाण्याबाहेर चिखलावर फिरतो, पुढच्या परांवर कोपर टेकून रांगल्यासारखा. डोळे डोक्याच्या वर, फुगलेले, आणि दर थोड्या वेळाने एकेक डोळा आत ओढून घेतो, ओला करायला. दोन निवट्या समोरासमोर आल्या, पाठीवरचे पर उभे करून एकमेकींना तोंड वासून दाखवलं आणि परत आपापल्या बिळात. पोरगा वीस मिनिटं रेलिंगला चिकटून बसला होता. आत्याने शेजारी उभं राहून निवटीचं कालवण कसं करायचं ते सांगितलं, आधी राखेत घोळायच्या म्हणे म्हणजे बुळबुळीतपणा जातो. अभयारण्याच्या जेट्टीवर उभं राहून ही रेसिपी ऐकताना मी इकडेतिकडे बघून घेतलं.

बाजूला तिवराची झाडं, कांदळवनातलीच. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी मुळं वर आलेली, ती श्वास घ्यायला, कारण त्या चिखलात हवाच नसते. पानाच्या मागच्या बाजूला मीठ साचतं, झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. आत्याने पान तोडू न देता पोराला नुसतं बोट फिरवून बघायला लावलं, बोटाला बारीक खरखरीत लागलं. तो चाटणार होता, खाडीचं पाणी बघता मी हात धरला.

बोट छोटी होती, मोठीपण असते पण आम्ही मुद्दाम छोटी घेतली. आमच्याबरोबर अजून एक कुटुंब. बोट चालवणारे दादा तिथलेच, कोळीवाड्यातले, आणि त्यांचं आणि आत्याचं पाचव्या मिनिटाला जमलं कारण तिने त्यांना विचारलं की उधाण कुठपर्यंत चढतं. तिथून पुढे ते सगळं "मावशी, इकडे बघा" "मावशी, तो बघा" असं, आम्ही बाकीचे फुकटात ऐकत होतो.

आणि मग पश्चिमेच्या काठाला चिखलाचा एक पट्टा होता, पाणी त्याला खात खात वर चढत होतं, आणि त्या उरलेल्या पट्ट्यावर ते. मी ठिपके बघून आले होते ना डिसेंबरात. हे ठिपके नव्हते. सकाळचं ऊन आमच्या पाठीकडून, नवी मुंबईच्या बाजूने येऊन सरळ त्यांच्यावर पडत होतं, आणि गुलाबी म्हणजे कॅलेंडरवरचा गुलाबी नाही, पांढऱ्यात कुंकवाचं पाणी सांडल्यासारखा, कुठे फिका कुठे गडद. किती होते ते मला नाही सांगता येणार. २०१९ मध्ये गणना झाली तेव्हा मुंबई परिसरात लाखाच्या वर निघाले होते, आमच्यासमोर त्यातले काही हजार तरी असावेत.

दादांनी इंजिन बंद केलं. हे या फेरीतलं सगळ्यात भारी काम. इंजिन थांबल्यावर आवाज यायला लागला, एक सलग गुरगुर, लग्नाच्या हॉलच्या बाहेर उभं राहिल्यावर आतली पंगत ऐकू येते ना तशी. सगळे जेवत होते. मान खाली, डोकं उलटं, म्हणजे चोचीची वरची बाजू खाली चिखलाकडे, आणि तशीच उलटी चोच डावीकडून उजवीकडे फिरवत चालत राहायचं. चोचीच्या आत चाळणीसारख्या बारीक कडा असतात, जीभ पंपासारखी पाणी आत-बाहेर करते, शेवाळ आणि बारीकसारीक जीव आत राहतात, पाणी बाहेर. एक जवळचा, पंचवीस-तीस फुटांवर असेल, जागच्या जागी पाय आपटत गोल फिरत होता, चिखल ढवळायला. फुगडी घालताना एकटा उरल्यासारखा. आत्या हसून हसून बेजार.

यात दोन प्रकार असतात, मोठा आणि छोटा. इथे जास्त संख्या छोट्याची. उंचीवरून गोंधळ होतो म्हणून चोच बघा: छोट्याची गडद लाल, लांबून काळपट वाटते, मोठ्याची फिकी गुलाबी आणि टोक काळं. पुस्तकात याला रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात, आणि अग्निपंख का ते उडाल्यावर कळतं, बसलेला असताना जो फिका दिसतो त्याचे पंख उघडले की आतून लालभडक आणि कडेला काळे. मधेमधे राखाडी रंगाचे होते, पोराने विचारलं, "हे मळलेत का?" ती पिल्लं, म्हणजे वयाने लहान. गुलाबी रंग जन्मतः नसतो, खाण्यातून येतो, शेवाळात जे रंगद्रव्य असतं त्यातून हळूहळू चढतो. जन्म इथला नाही, यांची वीण बऱ्याच प्रमाणात कच्छच्या रणात होते, इकडे साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत खायला येतात. डिसेंबरच्या सुरुवातीला गेलात तर यायचेच असतात बरेचसे, जानेवारी ते एप्रिल जास्त भरवशाचं.

आता चढतं पाणी का ते. पाणी चढतं तसा चिखलाचा पट्टा अरुंद होत जातो आणि पांगलेले सगळे पक्षी मागे सरकत सरकत एकाच पट्टीवर गोळा होतात. आमच्यासमोरच अर्ध्या तासात ती पट्टी निम्मी झाली. फ्लेमिंगोच्या पायात बाकीचे, शेकाटे, गॉडविट, लांब वाकड्या चोचीचा कुरल, चार-पाच चित्रबलाक, सगळे दाटीवाटीने, डोंबिवली फास्टसारखे. वर हायटेन्शनच्या टॉवरवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले, एक ब्राह्मणी घार, आणि कुरव तर बोटीच्या मागेपुढे सतत. पक्ष्यांची यादी करणाऱ्यांना इथे सकाळ पुरणार नाही, मी यादी करत नाही.

इथे एक प्रकार झाला तो लिहिलाच पाहिजे. बरोबरच्या कुटुंबातल्या गृहस्थांना उडताना व्हिडिओ हवा होता. "दादा, जरा जवळ घ्या ना, टाळी वाजवली तरी उडतील." दादांनी शांतपणे सांगितलं, "साहेब, त्यांना खायला अजून थोडाच वेळ आहे, मग पाणी येणार. आता उडवले तर तुमचा व्हिडिओ होईल, त्यांचं जेवण जाईल." गृहस्थ गप्प बसले पण मग मोबाइलवर गाणं लावलं, रीलसाठी. आत्याने मागे वळून नुसतं बघितलं. गाणं बंद. पंधरा मिनिटांनी पक्षी स्वतःच उठले, पाणी पोटापर्यंत आल्यावर, आधी कडेचे दहा-बारा पाण्यावरून धावत धावत, मग त्यांच्या मागून सगळा पट्टाच उचलल्यासारखा, आमच्या डोक्यावरून वळून दक्षिणेकडे नेरुळच्या दिशेने. त्या गृहस्थांचा मोबाइल तेव्हा खिशात होता. मला वाईट वाटलं म्हणणार होते, पण नाही वाटलं.

ते उडून गेले त्या तलावांबद्दल दादा बोलत होते. भरतीच्या वेळी बसायला ती जागा हवीच, खाडी एकटी पुरत नाही, तिथे पाणी अडलं, भराव पडला, लाइट वाढले की पक्षी भलत्या वेळी भलतीकडे भरकटतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरला रात्री विमानाची धडक बसून जवळपास चाळीस फ्लेमिंगो मेले होते, आत्याच्या घरापासून लांब नाही ते. तिने त्या दिवशीचं सगळं सांगितलं, लोकांच्या गच्चीत, रस्त्यावर पिसं पडलेली. बोटीत थोडा वेळ कोणी बोललं नाही.

वासाबद्दल विचाराल तर हो, येतो. सांडपाणी या खाडीत येतं, आणि शेवाळ इतकं वाढतं त्यात त्या सांडपाण्याचाही हात आहे असं मानतात, म्हणजे आपण नाक दाबतो त्यावर यांची पंगत चाललीय. दहा मिनिटांनी सवय होते. प्लॅस्टिकची सवय नाही झाली, तिवराच्या मुळांना पिशव्या लटकलेल्या होत्या, त्या कोणत्याही एका माणसाच्या नाहीत, आपल्या सगळ्यांच्या गटारातून आलेल्या.

दुर्बिणीचं सांगते कारण त्यात मी फसलेय. पहिल्या फेरीनंतर मी ऑनलाइन एक दुर्बीण मागवली, कुठून ते जाऊ दे, जाहिरातीत "५० पट झूम" लिहिलं होतं. बोटीत डोळ्याला लावली तर प्रत्येक फ्लेमिंगोला जुळा भाऊ, आणि बोट हलली की सगळं चित्र लेझीम खेळतं. परत पाठवायला गेले तर मुदत संपलेली. हलत्या बोटीत ८ पट पुरे, दुर्बिणीवर ८ बाय ४२ लिहिलेलं असतं ती घ्या किंवा कोणाकडून मागून आणा. मोबाइलच्या फोटोंचा नाद सोडा, एक-दोन काढा आणि ठेवून द्या. टोपी घ्या, मार्चमध्ये नऊनंतर पाण्यावरचं ऊन दुप्पट लागतं. भडक कपडे नकोत, आमचे हे आकाशी-पिवळ्या शर्टात आले होते, दादांनी गमतीत विचारलं की साहेब ट्रॅफिक पोलीस आहेत का. बोटीत बसायच्या आधी बाथरूमला जाऊन या, लहान मुलं आणि ज्येष्ठ असतील तर विशेष. जेट्टीवरून बोटीत उतरताना आत्याला दोघांनी हात दिला, ती स्वतः म्हणाली लागला नसता, पण घेतला.

केंद्रातलं माहितीदालन आम्ही येताना बघितलं, खाडीतले आणि समुद्रातले जीव, कांदळवनाचे प्रकार वगैरे, मराठीतही आहे, मुलांना अर्धा तास जातो. आधी नको, आधी बोट. बोटीवरून आल्यावर पोराने तिथे निवटी शोधली.

बोट नको असेल, फक्त बघायचेच असतील तर शिवडीच्या जेट्टीवर ओहोटीच्या सुमाराला जा, तिथे काठावर उभं राहून दिसतात. आणि भरती पूर्ण असेल त्याच वेळी तुम्हाला सुट्टी असेल तर ऐरोलीला न जाता नेरुळच्या तलावांकडे वळा. पण इंजिन बंद केल्यावरचा तो आवाज काठावरून तसा येत नाही.

अर्धा मार्क का कापला? तर फेरी संपते. पक्षी उठले तेव्हा आमची वेळही संपत आली होती, मला अजून तासभर बसायचं होतं, पण त्याला बोट काय करणार, पाणी बघून चालतं सगळं. एप्रिलमध्ये परत जायचं म्हणतोय. मी बुकिंगचं पान उघडून शनिवार-रविवार बघत होते तर आत्याचा फोन, "अगं बाराव्या तिथीला बघ, नऊची भरती आहे, साडेसातची बोट मिळाली तर घे. आणि जावईबापूंना म्हणावं तो शर्ट नको."